गुणवंताची झोप

चांदा, १७ ऑक्टोबर १९५६

वरोऱ्याचे कार्ड आले. मुलगी पसंत आहे, पत्रिका जुळते, मुलगा कमळेचा फोटो खिशात घालून हिंडतो असेही कानावर आहे. तरी बोलणी तूर्त थांबवली आहेत. कारण मी.

नागपूरच्या साप्ताहिकात दर आठवड्याला माझी ‘चांद्याची चिठ्ठी’ येते. गेल्या महिन्यात ना पूर आला, ना कोणी मंत्री. तेव्हा घरातलाच विषय काढला: आमच्या घराण्याची झोप. आजोबा झोपत नसत, वडील झोपत नसत, मी झोपत नाही आणि आता कन्याही रात्री दिवा लावून बसते. तरी चोरांनी आमची गल्ली वगळावी, अशी नम्र सूचना केली. संपादकांना लेख आवडला. वरोऱ्याला भावी व्याह्यांनी तो घरच्यांना मोठ्याने वाचून दाखवला. सगळे हसले आणि, कार्डातल्या शब्दांत, “हसून झाल्यावर विचार पडला”. न झोपणारी माणसे पुढे भ्रमिष्ट होतात, आणि रक्तातला दोष नातवंडांत उतरतो, असे त्यांच्याकडच्या वडीलधाऱ्यांचे मत आहे.

कमळेने कार्ड वाचले, घडी घातली आणि म्हणाली, “तो लेख मीच उतरवला होता, बाबा. तेव्हाच बोलायला पाहिजे होतं.”

माझे अक्षर संपादकांना लागत नाही, म्हणून दर गुरुवारी रात्री मी लिहून टाकलेला कागद ती सुवाच्य करून देते. टपाल पहाटेच्या गाडीने जाते. तिलाही झोप नसतेच. तेवढाच वेळ जातो.

२१ ऑक्टोबर

मुलाचे मामा दामोदरपंत स्वतः आले. वरोऱ्याच्या जिनात कापसाची पारख करतात. माणसाकडेही बोटांत तंतू ताणून पाहावे तसे पाहतात. चहा घेतला आणि मुद्द्यावर आले.

“पंडितजी, तुम्हाले एक जुळा भाऊ आहे म्हणतात?”

“आहे. गुणवंत. आठव्या वर्षी चुलत काकांना दत्तक गेला. धानोऱ्याच्या पलीकडे कोसमघाट म्हणून गाव आहे, तिथे शेती करतो.”

“तो झोपते का?”

मला हसू आले. त्यांना आले नाही.

“हसू नका. एकच सरकी दोन शेतांत लावली. दोन्हीकडे बोंड किडकं निघालं, तं दोष सरकीचा. एकीकडे किडकं आन एकीकडे चांगलं, तं दोष जमिनीचा. तुम्ही दोघं एका पोटचे, एका दिवसाचे. तुम्ही झोपत नाही हे सगळ्या नागपूर इलाख्यानं वाचलं. भाऊ झोपत असंल, तं रक्त साफ आहे, तुमची रीत खराब आहे. आमची पोरीले ना नाही मग.”

न्यायशास्त्र मी चार वर्षे शिकलो. इतके नेटके अनुमान गुरुजींनाही सांगता आले नसते. मी म्हणालो, गुणवंत झोपतो. खात्रीने झोपतो.

“मी डोळ्यानं पाहीन,” दामोदरपंत म्हणाले.

२२ ऑक्टोबर

खात्री कशावरून, ते इथे लिहून ठेवतो. दामोदरपंतांना सांगितलेले नाही.

वडील पहाटे तीनला उठवत. उठवत म्हणजे, गडवाभर पाणी तोंडावर. डोळे उघडायच्या आत शब्दरूपे सुरू झाली पाहिजेत. एका पांघरुणात आम्ही दोघे. पाणी एकाच्या तोंडावर पडे आणि दुसरा दचके. पुढे पुढे पाण्याआधीच जाग यायची. गुणवंताला दत्तक दिला तेव्हा मला त्याचा हेवा वाटला होता. काकांकडे संस्कृत नव्हते.

वडील गेले ते अडतीस साली. गुणवंत कोसमघाटहून आला, तेरा दिवस राहिला. तेराव्याला भर दुपारी, भटजी मंत्र म्हणत असताना, पाटावर बसल्या बसल्या त्याचा डोळा लागला. मान छातीवर. मी पन्नास माणसांत म्हणालो, “बघा, दत्तक गेलेल्याला बाप मेल्यावर किती शांत झोप लागते ती!” लोक हसले. सुतकात हसायला मिळाले म्हणून जरा जास्तच हसले. गुणवंत उठला, हातपाय धुतले, विधी पुरा केला आणि संध्याकाळच्या बैलबंडीने गेला. अठरा वर्षे झाली. वाक्य चांगले होते, हीच पंचाईत.

पण त्या दुपारच्या डुलकीवरून एवढे सिद्ध होते की गुणवंताला झोप येते. दिवसासुद्धा येते.

आज त्याला पत्र टाकले. सगळे खरे लिहिले: लेख, वरोरा, सरकी. तेराव्याचे काही लिहिले नाही. ते समोर बसून बोलायचे.

१ नोव्हेंबर

काल रात्री जिल्हा मध्य प्रदेशात निजला आणि आज सकाळी मुंबई राज्यात उठला. गावभर हाच विनोद चालू आहे. मी ते स्थित्यंतर जागेपणी पाहिले. विशेष काही दिसले नाही.

गुणवंताचे कार्ड आले. अक्षर वडिलांसारखे. एवढेच: “ये. मामासाहेबांनाही आण. मी उत्तम झोपतो.”

कोसमघाट, १३ नोव्हेंबर

मोटर, मग वैनगंगेवर डोंगा, पुन्हा मोटर, आणि धानोऱ्याहून गुणवंताने पाठवलेली बंडी. बंडी झिंगू हाकत होता. गुणवंताच्या शेतावर पंधरा वर्षे आहे, गोंड माणूस, पन्नाशीचा. दामोदरपंतांनी वाटेतच तपास सुरू केला.

“का हो, तुमचे मालक रात्री झोपते का?”

“झोपते ना जी.”

“किती?”

झिंगूने बैलाकडे पाहिले. “मस्त.”

गुणवंत दारात उभा होता. अठरा वर्षांनी माझाच चेहरा मला घ्यायला आला होता, फक्त उन्हाने रापलेला. डोळ्यांखाली काळे, शेतीचे काम. “आला का, बळवंता,” म्हणाला. मी म्हणालो, “आलो.” वहिनी शकुबाईंनी पाय धुवायला पाणी ठेवले. मनात होते ते तिथेच बोललो असतो, पण दामोदरपंत मध्ये उभे राहून दोघांचे चेहरे आलटून पालटून पाहत होते.

ओसरीवर तीन खाटा टाकल्या आहेत. मध्ये दामोदरपंत, दोन्हीकडे आम्ही. नमुना दोन्ही हातांत धरायची त्यांची सवय.

१४ नोव्हेंबर

गुणवंत झोपतो! नऊला आडवा झाला, सव्वानऊला घोरायला लागला. आरंभ ऱ्हस्व, मग दीर्घ, शेवटी विसर्ग. रात्रभर एक मात्रा चुकली नाही. इतके शुद्ध घोरणे मी ऐकले नाही.

दामोदरपंत घटकाभर टक लावून बसले, मग स्वतःच असे झोपले की पहाटे शकुबाईंच्या सड्याचे पाणी पायावर आले तरी हलले नाहीत. सकाळी मात्र म्हणाले, “रात्रभर लक्ष ठेवलं मी. चांगला झोपला.”

मीही डोळे मिटून, श्वास लांबवून पडलो होतो. म्हटले, आपल्या रीतीचे प्रदर्शन इथे नको. आणि गुणवंताला वाटायला नको की पाहुण्याची गैरसोय झाली.

१५ नोव्हेंबर

सकाळी ओरडा झाला. कोलूच्या धानात रानडुकरे शिरली. पाव एकर जमीनदोस्त. शेतातल्या उंच माळ्यावर राखणीला कोणी नव्हते. मी झिंगूला विचारले, “गावात जागल नसते का रे?”

“असते जी.”

“मग काल कोण होते?”

झिंगूने गुणवंताकडे पाहिले, गुणवंताने चुलीकडे, आणि शकुबाई एकदम म्हणाल्या, “भाऊजी, भाकर थंडी होऊन राह्यली.” कोलू स्वतः तिथेच उभा होता. नुकसान त्याचे, आणि तोच हात जोडून दामोदरपंतांना म्हणाला, “डुक्कर काय जी, येतेच. तुमी आराम करा.” असे सोशिक लोक पाहिले नाहीत. चिठ्ठीला विषय मिळाला.

दिवसभर दामोदरपंत सावलीसारखे बरोबर. गुणवंत बांधावरून हिंडवत होता, हे चिन्नोर धान, ही मोहाची झाडे. एकदा मी म्हणालो, “गुणवंता, तुझ्याशी बोलायचं होतं.” तो म्हणाला, “बोल ना.” दामोदरपंतही कान देऊन उभे राहिले. मी चिन्नोरबद्दल काहीतरी विचारले.

१६ नोव्हेंबर

शेवटची रात्र सरली. ठरवले होते की आज बोलायचेच, पण झोपलेल्या माणसाची क्षमा कशी मागणार? आणि ज्याच्या झोपेवर पोरीचे लग्न टांगलेले, त्याला उठवायचे तरी कसे?

तीनच्या सुमारास राहवेना. दामोदरपंत गाढ होते. मी अंधाराकडे तोंड करून हळूच म्हणालो, “गुणवंता, तेराव्याला मी बोललो ते वाईट बोललो. तेव्हाच कळलं होतं. माफ कर.”

घोरणे थांबले. दोन श्वास थांबले. मग पुन्हा सुरू झाले, आधीपेक्षा जरा मोठे.

उत्तर मिळाले असे समजायला हरकत नाही. पण ते विसर्गान्त होते.

निघताना गुणवंताने माझा हात धरून ठेवला. काही बोलेल असे वाटले. दामोदरपंत बंडीत बसून म्हणाले, “चला, पंडितजी, माल पास आहे.” त्याने हात सोडला. “धान कापनीले ये,” म्हणाला. “एकटा ये.”

चांदा, २० डिसेंबर

वरोऱ्याचा होकार. लग्न माघात.

चिठ्ठी पाठवली: ‘कोसमघाटचे झोपाळू जागले’. रानडुकरे संपादकांनाही आवडली. कमळेने प्रत काढताना विचारले, “काका खरंच झोपतात, बाबा?”

“तीन रात्री मी जागून ऐकलंय.”

ती लिहायची थांबली. “म्हणजे तुम्ही झोपेचं सोंग घेऊन पडला होता.”

“हो.”

तिने दिव्याची वात वर केली.

कापणीला जाणे झाले नाही. निवडणुकीची धामधूम, रोज एक तरी पुढारी.

२० फेब्रुवारी १९५७

परवा कमळेचे लग्न झाले. गुणवंत आला नाही. शकुबाई आल्या, झिंगू आला, चिन्नोरचे पोते आले. मी झिंगूला बाजूला घेतले. अजून राग आहे का त्याला?

“राग नाई जी. लग्नाले यायचं तं लय मनात होतं. पन लग्नघर, चार दिवस पाव्हन्यायच्या मंधात निजा लागते. कसं याव मंग?”

खेड्यातला माणूस गर्दीला बुजतो, हे खरे. तरी मला वाटते राग आहे. आज सवयीने शिजवलेला दोन माणसांचा स्वयंपाक एका माणसाने खाल्ला.

९ एप्रिल

कमळेचे पत्र. मजेत आहे. एक परिच्छेद उतरवून ठेवतो:

“बाबा, तुम्हाला हसू येईल. इथे घरामागूनच रेल्वे जाते, तरी मी नऊला निजते ती सासूबाईंनी हाक मारीपर्यंत. दामोदरमामा सगळ्यांना सांगतात, सरकी चांगलीच होती. पहिले काही दिवस मात्र गुरुवारी जाग यायची. वाटायचं, तुम्ही कागद घेऊन दाराशी उभे आहात. आता येत नाही. तुमची प्रत कोण काढतं?”

तीनदा वाचले. तिची आई गेली तेव्हा ती दहा वर्षांची होती. अकराव्या वर्षापासून प्रत काढते आहे. दिवा लावून बसते, असे मी लेखात लिहिले. दिवा कोणी लावला होता, हे लिहायचे राहिले.

संस्कृत मी तिला शिकवले नाही, पाणीही मारले नाही. समजत होतो, वडिलांपेक्षा मी मवाळ.

२ जून

गुणवंताचे कार्ड: “आंबे झाले. ये. पाव्हना आणू नको.”

मी लिहिले: “आंब्यांना सांग, पुढच्या वर्षी जरा थंडीत व्हा, इतक्या उन्हात बंडी सोसत नाही. कापणीला नक्की येतो.” वाचून हसेल.

४ ऑक्टोबर

झिंगू दारात. अनवाणी, एकटा. मी काही विचारण्याआधीच म्हणाला, “गुनवंतभाऊ गेले जी. ताप होता. सा दिस झाले.” टपालाने कळवले असते, पण शकुबाईंनी त्याला म्हटले, भाऊजींना कागदावरून नको कळायला.

माझ्याहून पाव घटका मोठा होता.

कोसमघाट, ८ ऑक्टोबर

शकुबाई रडून मोकळ्या झालेल्या. मी ओसरीवर बसलो होतो. तीन खाटांपैकी एकच टाकलेली. मी म्हणालो, “निदान झोपेचं सुख होतं त्याला.”

त्यांनी माझ्याकडे असे पाहिले की मी अजून तिथेच बसून आहे असे वाटते.

“झोप?” त्या म्हणाल्या. “भाऊजी, अठ्ठावीस वर्साच्या संसारात मी त्यायले रातच्यान झोपलेलं पाह्यलं नाई. गावाची जागल तेच करत. पाळी कोनाची बी असो, माळ्यावर तेच. म्हनत, मी जागाच राहतो, दुसऱ्याची झोप काऊन मोडाची? दिवसा कुठी बसले तं डुलकी लागे, तेवढीच.”

“पण मी ऐकलं ना. तीन रात्री. घोरत होता.”

“तुमचं पत्र आलं तवापासून शिकत होते. मी हासून हासून दमली. झिंगूले समोर बसवत आन विचारत, असं बराबर हाये का? पोरीचा सवाल हाये म्हने. साऱ्या गावाले सांगतलं, कोनी बोलाचं नाई. कोलूचं धान डुकरानं खाल्लं, तं आमच्यातलं देलं त्याले.”

गाव गप्प होते, आणि मी त्यांच्यावर चिठ्ठी लिहिली. मी विचारले, ती वाचली का त्याने?

“वाचली ना. ‘झोपाळू जागले’ म्हनून दिसभर हासत होते. तुमी रातच्यान बोलले ते बी सांगतलं मले. म्हने, बळवंता बोलला, पन मले बोलता आलं नाई. मधात पाव्हना होता, घोरनं सोडता येत नोतं. कापनीले येईल, मंग माळ्यावर बसून बोलू म्हने. दोघंबी जागेच राहू.”

मी विचारले, तीनला काय करी?

“तीन वाजता? तोंड पुसत. काई नसे तोंडावर. तरी पुसत.”

दामोदरपंतांच्या हिशोबाने दोन्ही शेतांत बोंड सारखेच निघाले, म्हणजे दोष सरकीचा. पण पहिली आठ वर्षे जमीनही एकच होती, आणि पाणीही. त्यांनी ते विचारले नाही आणि मी सांगितले नाही. आणि वरोऱ्याला माझीच सरकी ढाराढूर झोपते. रक्त किती, पाणी किती, मला सांगता येत नाही. सांगता येते ते एवढेच: दोन खाटांवर दोन माणसे तीन रात्री जागी होती, आणि एकमेकांची झोप मोडू नये म्हणून बोलली नाहीत. झोपला होता तो फक्त परीक्षक.

११ ऑक्टोबर

काल तेरावा झाला. गावातले सगळे आले होते. भटजी आरमोरीहून आलेले, आवाज खणखणीत. मी पाटावर बसलो होतो. चार रात्री डोळा लागला नव्हता. मंत्र चालू असताना कधीतरी मान खाली गेली असावी.

जाग आली तेव्हा उन्हे उतरली होती. मी भिंतीला टेकून होतो, पाठीशी उशी, अंगावर गोधडी. पाने उचलली गेली होती. पन्नास माणसे जेवून गेली आणि एकाचाही आवाज मला ऐकू आला नाही. भटजींनी उरलेले मंत्र हळू आवाजात म्हटले, असे झिंगूने सांगितले.

मी शकुबाईंना म्हणालो, “उठवायचं होतं. तेराव्याला झोपलो मी.”

“त्यायनंच सांगून ठेवलं होतं,” त्या म्हणाल्या. “बळवंता इथी आला आन त्याचा डोळा लागला, तं कोनी उठवू नका म्हने.”

दिवेलागणीला कोलू आणि झिंगू अंगणात कुजबुजत उभे होते. धान भरात आहे, परवा डुकरे बांधापर्यंत येऊन गेली. तेरा दिवस पाळ्या लावल्या, पण लोकांना सवय राहिलेली नाही. माळ्यावर जातात आणि झोपतात. मी लिहिले होते ते आता खरे झाले आहे.

“आज कोनाची जागल?” कोलू विचारत होता.

मी म्हणालो, माझी.

झिंगूने माळ्यापर्यंत पोहोचवले, डबे बांधलेली दोरी हातात दिली आणि कशी ओढायची ते दाखवले. “गुनवंतभाऊ इकडल्या बाजूले बसत,” म्हणाला. फळीवर तेवढी जागा गुळगुळीत झाली आहे. मी शेजारी बसलो.

तीनच्या सुमारास दोरी एकदा ओढली. डुकरे नव्हती. सहज ओढली. मग तोंडावरून हात फिरवला. ओले होते; दव पडले असेल.

लेख पाठवायचा दिवस कालच होता. संपादकांना कळवीन, या आठवड्यात चांद्याहून चिठ्ठी नाही.